मोहरी मोजताना

काल रात्री साडेनऊला बॅकअप लावला. सकाळी दात घासत येऊन बघतो तर पडद्यावर तेच वाक्य: 'फक्त २ मिनिटं बाकी.' ही २ मिनिटं आमच्याकडे रात्रभर मुक्कामाला होती.

प्रकरण बाबांच्या व्हॉट्सअ‍ॅप फोटोंचं. एकाच फोल्डरात २ लाख १४ हजार फायली, सगळ्या मिळून जेमतेम १७ जीबी.

तेवढ्यात खालचे काका पेपर मागायला आले आणि पेपर विसरून खुर्ची ओढून बसले.

"माझ्या मुलीच्या लग्नाचा व्हिडिओ केवढा होता रे?"

"४० जीबी."

"तो तू १० मिनिटांत दिलास. आणि हे १७ रात्रभर?"

"काका, ती एकच फाईल होती. इथे प्रत्येक फोटोला नाव विचारा, तारीख लिहून घ्या, आत सोडा, दार लावा, मग पुढचा. डिस्क दरवेळी नवी जागा शोधत गरगरते."

"म्हणजे तू मोहरी मोजून नेतोयस."

"हो."

"मग डब्यासकट ने ना!"

मी गप्प. सगळ्याची एक झिप, म्हणजे सगळे फोटो भरलेली एकच फाईल, करून तीच हलवायची, हे मला सुचायला हवं होतं. "झिप करतानाही प्रत्येक दाणा वाचावाच लागतो," मी पळवाट काढली.

"पण तुझ्या डिस्कवर लिहिताना एकच डबा ना?"

हा माणूस चाळीस वर्षं रेकॉर्ड रूममध्ये होता, हे मी विसरलो होतो.

विषय बदलायला फोल्डर उघडला, तर तिथेही हिरवी पट्टी सरपटायला लागली. बऱ्याच वेळाने पहिला फोटो उमटला: सूर्योदय, कमळ, शुभ सकाळ.

"अरे, हा माझाच!" काका खुलले. खाली तोच आणखी दोनदा होता. तीन ग्रुप, तीन सूर्योदय.

खरा संताप वेगळाच आहे. आज रात्री १२ नवे फोटो आले असतील, तरी हे सॉफ्टवेअर २ लाख १४ हजार जणांना उठवून विचारणार, "तू बदललास का?" कुठली फाईल कधी बदलली याची रोजनिशी विंडोज स्वतः ठेवते. ती उघडून बघायचे कष्ट कोण घेणार? वर्षाची वर्गणी मात्र न विसरता कापून घेतात. आणि ते '२ मिनिटं' कुठल्या पंचांगातून काढतात, देव जाणे.

साडेदहाला पट्टी भरली. 'बॅकअप पूर्ण. ३ फायली वगळल्या.' कुठल्या, ते नाही.

काका पेपर काखेत मारून दारात थबकले. "त्या ३ माझ्या तर नव्हेत? थांब, परत पाठवतो."

ते जिना उतरायच्या आत बाबांचा फोन तीनदा वाजला.