‘प्रश्न कसाही विचारा, उत्तर तेच येतं’: नाही, येत नाही

वेगळ्या विदर्भावर लोकांचं मत घ्या, असा एक मजकूर सध्या नागपुरात व्हॉट्सअॅपवर फिरतो आहे. मागणी चांगली आहे. पण पुढे म्हटलंय की प्रश्नाच्या शब्दांवर काथ्याकूट नको. लोकांचं मत ठरलेलं असतं, हजारोंना विचारलं की चुका आपोआप निघून जातात, आणि ‘हो की नाही’ हा प्रश्न कुणाच्याच बाजूचा नसतो. यातलं एकही विधान टिकत नाही.

मत ठरलेलं असतं? अमेरिकेत १९४० साली मतचाचण्यांचे अभ्यासक डोनाल्ड रग यांनी हे तपासलं. लोकशाहीविरोधी भाषणांना ‘परवानगी द्यावी का’ असं विचारल्यावर ७५ टक्के लोक ‘नको’ म्हणाले. त्यांवर ‘बंदी घालावी का’ असं विचारलं, तेव्हा ‘हो’ म्हणणारे ५४ टक्केच निघाले. (मत न देणारे दोन्हीकडे वगळले आहेत.) गोष्ट एकच, पण ‘बंदी’ हा शब्द माणसाला जड जातो. जानेवारी २००३ मध्ये मतचाचण्या घेणाऱ्या अमेरिकेतल्या प्यू संस्थेने इराकवरच्या लष्करी कारवाईबद्दल विचारलं, तर ६८ टक्के बाजूने होते. ‘हजारो अमेरिकी सैनिक दगावले किंवा जखमी झाले तरी?’ एवढं जोडताच ४३.

आता आपल्याकडे या. ‘विदर्भावरचा अन्याय दूर व्हावा म्हणून वेगळं राज्य हवं का?’ आणि ‘महाराष्ट्राचे तुकडे व्हावेत का?’ या दोन प्रश्नांना नागपूरच्या महाल भागातल्या एकाच घरातून दोन उत्तरं मिळतील. खोटंच सांगावं लागतं असंही नाही. विदर्भाने महाराष्ट्रात यावं म्हणून झालेला १९५३ चा नागपूर करार खरा आहे. ‘करारातली आश्वासनं पाळली गेली नाहीत’ म्हणून प्रश्न सुरू केला तर कल एकीकडे जातो, ‘करारात विदर्भाला हमी मिळालेली असताना’ म्हणून सुरू केला तर दुसरीकडे. राज्यांच्या पुनर्रचनेसाठी नेमलेल्या फाजल अली आयोगाने १९५५ मध्ये वेगळ्या विदर्भाची शिफारस केली होती, तेही खरंच. पण ते प्रश्नातच घातलं की आयोगाचं वजन उत्तरावर पडतं.

मोठ्या संख्येचं थोडक्यात सांगतो. हजार जण नीट निवडले तर निवडीतली चूक साधारण तीन टक्क्यांच्या आत राहते, आणि संख्या वाढवली की आणखी घटते. शब्दांची चूक मात्र प्रत्येक फॉर्मवर तीच असते. तराजूला पासंग असेल, तर शंभर वेळा तोलून माप बरोबर येत नाही.

राहिलं ‘हो की नाही’. स्कॉटलंडच्या २०१४ च्या सार्वमतासाठी ‘स्कॉटलंड स्वतंत्र देश असावा, याच्याशी आपण सहमत आहात का?’ असा प्रश्न सुचवला होता. ‘सहमत’ शब्द होकाराकडे ढकलतो, म्हणून ब्रिटनच्या निवडणूक आयोगाने प्रश्न बदलायची शिफारस केली आणि तो शब्द काढला गेला. आपल्याकडे तर फॉर्म घेऊन दारात आलेल्या पोराचं मन मोडू नये म्हणूनही माणसं ‘हो जी’ म्हणतात.

शंका घेणारे विदर्भविरोधी, असं त्या मजकुराच्या शेवटी लिहिलंय. मला वेगळा विदर्भ हवा आहे. म्हणूनच म्हणतो, निम्म्या फॉर्मांवर ‘विदर्भ वेगळं राज्य व्हावं का?’ छापा, निम्म्यांवर ‘विदर्भ महाराष्ट्रातच राहावा का?’ आणि दोन्हींचे आकडे प्रश्नांसकट जाहीर करा.