गोड बातमी हवीय? आधी रजा द्या!

लग्नाला तीन वर्षं झाली. भांडुपच्या आमच्या चाळीत जिना चढताना रोज कोणीतरी विचारतंच, "काय रे, गोड बातमी कधी?" अहो काकू, देतो ना! आधी रजा कोण देतंय ते सांगा.

बायकोला म्हणे २६ आठवडे भरपगारी रजा, २०१७ पासून. कागदावर. तिचं कंत्राट अकरा महिन्यांचं. विषय काढला तर एचआरवाली गोड हसून म्हणाली, "रिन्यूअलच्या वेळी बघू." या 'बघू'चा अर्थ मुंबईत नोकरी करणाऱ्याला सांगावा लागत नाही. आणि मी? केंद्र सरकारी नोकरीत बापाला १५ दिवस तरी मिळतात. खासगीत कायद्याला बाप माहीतच नाही. साहेब विचारतात, "तू घरी बसून काय करणार?" लंगोट धुणार, साहेब. रात्री दोन वाजता पोराला खांद्यावर टाकून व्हरांड्यात फेऱ्या मारणार.

पंतप्रधान मातृवंदना योजनेत पहिल्या बाळाला ५,००० रुपये, पात्र असाल तर, आणि तेही हप्त्यांनी. आमच्या मेडिक्लेममध्ये बाळंतपणासाठी दोन वर्षं थांबायचं. (बाळाला कळवलंय तसं!) जवळच्या नर्सिंग होमचं दरपत्रक बायकोने फ्रिजवर चिकटवलंय, नॉर्मल आणि सिझर असे दोन रकाने. सकाळी दूध काढायला गेलो की दोन्ही आकडे समोर. आज चहा काळाच प्यायलो.