सी ड्राइव्ह फॉरमॅट झाली, डी तशीच होती सर

नमस्कार सर, रिव्ह्यू वाचला. तुमचं म्हणणं असं की कॉम्प्युटर घरूनच फॉरमॅट करून रिसायकलिंगला दिला होता, तरी आम्ही डेटा पुसायचे वेगळे पैसे लावले, दोन दिवस घालवले आणि वर हार्ड डिस्कला भोकं पाडून हातात दिली.

भोकांचं आधी बोलतो, कारण तिथे चूक आमचीच. डिस्क परत हवी असं तुम्ही फॉर्मवर लिहिलं होतं, आमच्या पोराच्या नजरेतून ते सुटलं आणि ड्रिल मारायच्या आधी एक फोन करायचा तोही केला नाही. सॉरी. त्या कामाचे पैसे परत देतो.

पण फॉरमॅटचं नाही पटत. तुमच्या मशीनमध्ये दोन डिस्क होत्या, विंडोज छोट्या एसएसडीवर (चिपवाली डिस्क, तीच सी ड्राइव्ह) आणि बाकी सगळं 1 टीबीच्या हार्ड डिस्कवर, म्हणजे डीवर. तुम्ही विंडोज नव्याने टाकलंत त्यात फक्त सी ड्राइव्ह साफ झाली, डी जशीच्या तशी (आत काय होतं ते आम्ही उघडत नाही, नियमच आहे आमचा). आणि डीला क्विक फॉरमॅट मारलं असतंत तरी काय, पुस्तकाची अनुक्रमणिका फाडल्यासारखं असतं ते, पानं तिथेच राहतात, फुकटचं रिकव्हरी सॉफ्टवेअर टाकलं की बरंच काही वर येतं.

पुसायचं म्हणजे अख्ख्या डिस्कवर शून्य लिहायचे. 35 वेळा वगैरे काही लागत नाही, आताच्या डिस्कला एकदा पुरतं, पण सेकंदाला 100 एमबीने धरलं तरी 1 टीबीला पावणेतीन तास जातात आणि तुमच्या डिस्कला बॅड सेक्टर (खराब झालेले भाग) होते, मध्येच अडकायची, दोनदा लावली रात्रभर. असे सेक्टर डिस्क स्वतःच बाजूला टाकते, मग सॉफ्टवेअर तिथे पोचत नाही आणि जुना डेटा आत राहू शकतो, म्हणून ड्रिल. तशी ती पुढे वापरण्यासारखी राहिली नव्हतीच, पण ते ठरवायचं तुम्ही, आम्ही नाही.

एसएसडीला मात्र हात लावला नाही ड्रिलचा. तिच्यावर शून्य लिहून भागत नाही, तिच्या आतली कंट्रोलर चिप डेटा भलतीकडेच लिहिते, म्हणून सिक्युअर इरेज कमांड (एसएसडीने स्वतःच सगळं पुसायची) दिली, मिनिटांत झालं. चांगली चालतेय, तुमच्या नावाची चिठ्ठी लावून ठेवलीये, पैसे न्यायला याल तेव्हा घेऊन जा.