लाट होती, पण मतदारसंघही बदलला होता

२००७ मध्ये ऑस्ट्रेलियाचे पंतप्रधान जॉन हॉवर्ड आपल्या बेनेलाँग मतदारसंघातून पडले ते निव्वळ सत्ताविरोधी लाटेमुळे, हे लेखातलं विधान काही पटलं नाही. १९७४ साली ते पहिल्यांदा निवडून आले, तेव्हाचा सिडनीचा हा सुखवस्तू गोरा पट्टा तोवर उरला होता कुठे? हद्दी सरकत गेल्या आणि ईस्टवूड, एपिंगकडे चिनी-कोरियन वस्ती वाढली. मी ईस्टवूडलाच राहतो. स्टेशनच्या एका अंगाला चिनी दुकानं, दुसऱ्या अंगाला कोरियन. मतदानाच्या दिवशी केंद्राबाहेर कार्यकर्ते त्यांच्या भाषेतली पत्रकं हातात कोंबतात. (माझ्या तोंडाकडे बघून जरा गोंधळतात, ते सोडा.) हॉवर्डना हरवणाऱ्या मजूर पक्षाच्या मॅक्सिन मॅक्यू यांनी हा मतदार बरोबर हेरला.

आणि नुसती लाटच होती, तर उत्तरेकडच्या बेरोवरा मतदारसंघात हॉवर्ड यांच्याच लिबरल पक्षाचे फिलिप रडॉक कसे टिकले?