सौर प्रकल्प हाकलायचा कसा?

गावच्या गायरानावर सौर प्रकल्प येतोय असं कानावर आलं, तर घाबरू नका. आमच्या गावाने परवाच्या ग्रामसभेत तो हाणून पाडला. शिंदखेडा तालुक्यातलं हे शहाणपण फुकट वाटतोय, घ्या.

आधी म्हणजे ज्या सौर कृषी वाहिनी योजनेतून तो येतोय, तिचा कागद वाचू नका.

मग शास्त्र काढा. पॅनलमुळे ऊन वाढतं, पाऊस पळतो, गाईचं दूध आटतं, सुचेल ते. साक्रीकडे पवनचक्क्या उभ्या राहिल्या तेव्हा 'पंखे ढग हाकलतात' अशी बोंब उठली होती, तीच झटकून पुन्हा वापरा. धुळ्याचा मे महिना पॅनलच्या आधीही असाच भाजायचा, असं एखादे गुरुजी बोललेच, तर 'कंपनीचा माणूस' म्हणून खाली बसवा.

महिलांना पुढे बसवा, बोलू मात्र देऊ नका.

हुकमाचा एक्का म्हणजे गुरं. 'हाई आमनं गायरान शे! ढोरं कोठे चरतीन?' एवढं ओरडलं की टाळ्या. आता, कोणती ढोरं? बैल विकून ट्रॅक्टर घेतले, त्यालाही वर्षं झाली. गायरानाचा एक तुकडा ओरडणाऱ्या नानांनीच नांगरून कपाशीखाली घेतलाय. दुसऱ्यावर त्यांच्या साडूची वीटभट्टी आहे. मुरूम कोणाच्या डंपरमधून गेला, ते तलाठ्यालाही ठाऊक आहे. उरली वेडी बाभूळ, ती शेळ्यासुद्धा नाइलाजाने खातात. तेव्हा ग्रामसभा नाही आठवली, ढोरं नाही आठवली. मोजणीदार येणार म्हटल्यावर मात्र गोमाता आठवली! आणि नानांच्या बंगल्याच्या गच्चीवर काय चमकतं हो? पॅनलच ना? तिथला पाऊस नाही पळत?

शेवटी विखरणच्या धर्मा पाटलांचं नाव घ्या, सभा गप्प होते.

नाही, हे मात्र घेऊ नका. दोंडाईच्याच्या सौर प्रकल्पात त्यांची पाच एकर जमीन गेली, हातात चार लाख आले. दाद मागून थकले, तेव्हा जानेवारी २०१८ मध्ये त्या म्हाताऱ्याने मंत्रालयात विष घेतलं आणि जीव गेला. माणूस जमिनीचा रास्त मोबदला मागत होता. त्याच्या मरणाआड स्वतःचं अतिक्रमण लपवता, लाज वाटत नाही?

भांडायचं तर नीट भांडा ना. नाल्याकडची वाट कुंपणात जाणार का, पॅनल धुवायला पाणी कोणाच्या विहिरीचं, पोरांना काम किती, हे विचारा. सौर कृषी वाहिनी योजनेत ग्रामपंचायतीला तीन वर्षांत १५ लाख मिळतात, ते कशावर खर्च करणार ते लिहून घ्या. खासगी जमिनीला हेक्टरी सव्वा लाख वार्षिक भाडं आहे, तर पडीक माळ असलेल्यांना कोणी सांगितलं का? सभेत यातलं एक अक्षर निघालं नाही.

ही वीज आपल्याच सबस्टेशनला जोडली जाणार होती, शेतीच्या फीडरला दिवसा मिळणार होती. आता पिकाला पाणी भरायला पुन्हा रात्रपाळी. थंडीत मध्यरात्री लाइट येते, बॅटरी घेऊन डीपीपर्यंत जायचं, फेज गेलेली असते. वाफ्यात साप, बांधावर बिबट्याची भीती. नाना, तुमचं पाणी सालदार भरतो, म्हणून तुम्हाला गाय दिसते, तो दिसत नाही. पुढची ग्रामसभा रात्री दीड वाजता माझ्या गव्हात घ्या. बघू किती जण ओरडायला येतात.