शिकाऱ्याचा पैसा आणि आपली माळराने

विदर्भात रानडुकरांनी आणि रोह्यांनी (नीलगाईंनी) पीक लोळवले की प्रश्न येतोच: अमेरिकेत शिकारीच्या पैशावर निसर्ग राखला जातो, मग आपल्याकडे हौशी शिकारीचे परवाने का नाहीत? समोरून उत्तर येते, जीव मारून कुठे निसर्ग वाचतो का. अमेरिकेतल्या मिनेसोटा-डकोटाच्या या भागातून हा वाद वाचताना वाटते, की दोघांचीही नजर बंदुकीवरच आहे. पैसा कुठे मुरतो, ते कोणी पाहत नाही.

इथे १६ वर्षे आणि त्यावरील प्रत्येक बदक-शिकाऱ्याला राज्याच्या परवान्याबरोबर २५ डॉलरचा 'डक स्टॅम्प', म्हणजे एक तिकीट, घ्यावा लागतो. छापील स्टॅम्पवर शाईने सही नसेल तर तो शिकारीला चालत नाही. १९३४ पासूनच्या या योजनेत डॉलरमागे ९८ सेंट पाणथळ आणि गवताळ जमिनीसाठी जातात. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने बंदुका-काडतुसांवरचा कर राज्यांच्या वन्यजीव कामाला बांधून दिला. परवान्याचे शुल्क दुसरीकडे वळवणाऱ्या राज्याला तो निधी मिळत नाही. मात्र हा कर भरणारे सगळेच शिकारी नसतात, म्हणून सारे श्रेय त्यांना देणे बरोबर नाही.

शिकण्यासारखा आहे तो स्टॅम्पच्या पैशातून शेतकऱ्याशी होणारा करार. जमीन त्याच्याच नावावर राहते. एकरकमी मोबदला घेऊन तो पाणथळ जागा न उपसण्याचे, न बुजवण्याचे, सपाट न करण्याचे आणि न जाळण्याचे कायमचे मान्य करतो. डबके आपोआप आटले तर तिथे पेरताही येते. गवताळ जमिनीच्या करारात नांगर चालत नाही, गुरे चारता येतात, पण १५ जुलैआधी गवत कापता येत नाही, कारण बदकांची घरटी त्या गवतातच असतात. घोळ होतो तो शेजारच्या शेतात पाणी काढून टाकायला पुरलेल्या सच्छिद्र नळ्यांनी. हद्दीबाहेरून पाणी ओढले जाते आणि डबके सुकते. त्यामुळे नळ्या किती अंतरावर असाव्यात हे आधीच ठरवावे लागते.

महाराष्ट्रात यातले काय चालेल? परवाने नक्कीच नाहीत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याची चौकट वेगळी आहे, आणि रानडुक्कर मारल्याने माळ वाचत नाही. सरकार पिकाच्या नुकसानीची भरपाई देते. माळ राखणाऱ्याला त्याबद्दल काही मिळत नाही, उलट कागदावर तो माळ 'पडीक' ठरतो. अकोला-वाशिमकडच्या फासेपारध्यांना, म्हणजे परंपरेने शिकार करणाऱ्या समाजाला, तणमोर हा माळरानावरचा पक्षी कुठे घरटे करतो, कोणत्या गवतात लपतो, हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे, आणि त्यांच्यातल्या काहींनी अशा माळांची राखण हाती घेतली आहे. ज्यांच्यावर इंग्रजांनी गुन्हेगारीचा शिक्का मारला, त्याच समाजाला तज्ज्ञ मानून राखणीचा करार द्यायला हवा: जमिनीच्या ठराविक गटात नांगर नाही, पावसाळ्यात, म्हणजे विणीच्या काळात, गवताला हात नाही, कापणी पिल्ले उडू लागल्यावर, आणि थांबल्याने बुडालेल्या गवताचे पैसे दरवर्षी थेट खात्यात.