आजीव अध्यक्षांनी लोकशाही कशी आणावी

इंदूरच्या रामबागेतल्या किंवा लोकमान्यनगरातल्या एखाद्या मराठी मंडळाचे तुम्ही बावीस वर्षं अध्यक्ष आहात. मुदत तीनच वर्षांची होती, पण दर खेपेला काम 'सर्वानुमते' उरकलं. आता बायपासपलीकडच्या टाउनशिपमधली आयटीवाली पोरं वार्षिक सभेला यायला लागली आहेत. पोहे-जिलेबी संपेपर्यंत गप्प बसतात, पोह्यांवर जीरावन मसाला मागून घेतात आणि हात पुसता पुसता गुप्त मतदान मागतात. नाही म्हणावंसं वाटेल. म्हणू नका. नाही म्हणत राहिलेल्या फिलिपिन्सच्या हुकूमशहा मार्कोसना १९८६ मध्ये मनीला सोडून हवाई बेटं गाठावी लागली. हो म्हणणाऱ्या चिलीच्या हुकूमशहा पिनोशेंनी निवडणुकीनंतरही आठ वर्षं लष्कराची सरसेनापतीची खुर्ची सोडली नाही. तेव्हा हो म्हणा, फक्त नियमावली आधी लिहून घ्या.

या विद्येचं गुरुकुल चिली. १९८० ची घटना पिनोशेंच्याच राजवटीत लिहिली गेली. १९८८ च्या सार्वमतात ५६ टक्के लोक त्यांना 'नको' म्हणाले आणि मार्च १९९० मध्ये निवडून आलेले अध्यक्ष आले. म्हणजे सरकार गेलं, घटना राहिली. सिनेटमध्ये निवडून आलेले ३८ आणि त्यांच्या शेजारी नेमलेले ९, त्यात माजी सेनाप्रमुखही. तुम्हीही कार्यकारिणीत निवडलेल्या बारा जणांच्या जोडीला 'ज्येष्ठ मार्गदर्शक' म्हणून चौघांना बसवा. ज्येष्ठांना विरोध करण्याची इंदुरात पद्धत नाही, निदान त्यांच्या समोर तरी नाही.

खरी कारागिरी जागांच्या गणितात आहे. प्रत्येक मतदारसंघात दोनच जागा ठेवा. नियम असा करा की दोन्ही जागा हव्या असतील तर पहिल्या पॅनलला दुसऱ्याच्या दुपटीहून जास्त मतं पडली पाहिजेत, नाहीतर एक तुझी, एक माझी. समजा लोकमान्यनगरात शंभर मतं पडली. पोरांना ६५, तुमच्या पॅनलला ३३, दोन बाद. ३३ ची दुप्पट ६६. हवी होती ६७, दोन मतांनी हुकलं, एकेक वाटून घ्या. तिसरा हिस्सा मतांवर निम्मी कार्यकारिणी हाती आली आणि कुणाला फसवलं असंही होत नाही, फळ्यावर बेरीज बरोबरच दिसते. चिलीत १९८९ मध्ये सान्तियागोच्या एका सिनेट मतदारसंघात पिनोशेविरोधी रिकार्डो लागोस यांना ३० टक्क्यांवर मतं पडली, पण पॅनलची दुप्पट भरली नाही, एकच जागा आली ती जोडीदाराला गेली आणि ते घरी गेले. १७ टक्केवाले हाइमे गुसमान सिनेटर झाले. गुसमान म्हणजे तीच घटना लिहिण्यात ज्यांचा मोठा हात होता ते. याला म्हणतात आपल्या हातचं पंक्तीत वाढून घेणं. ही पद्धत २०१५ मध्ये रद्द झाली. पंचवीस वर्षं पुरली. तुमच्या वयाकडे पाहता तेवढी बास.

उलट, निष्काळजीपणा कसा नडतो ते पोलंडला विचारा. १९८९ मध्ये तिथल्या कम्युनिस्टांनी कनिष्ठ सभागृहातल्या ४६० पैकी १६१ जागा खुल्या केल्या आणि बाकीच्या स्वतःकडे व मित्रपक्षांकडे राखल्या. इथवर ठीक. पण वर १०० जागांचं सिनेट संपूर्ण खुलं केलं, का तर उदारपणा दिसावा. सॉलिडॅरिटी या विरोधी कामगार संघटनेने खुल्या १६१ च्या १६१ आणि सिनेटच्या ९९ जागा नेल्या. त्याहून मोठी चूक मतपत्रिकेत होती. नको ते नाव खोडायचं, अशी पद्धत. बड्या मंडळींची ३५ नावांची एक राष्ट्रीय यादी होती, तिला विरोधकच नव्हते. फक्त प्रत्येकाला निम्मी मतं हवी होती. लोकांनी पानभर फुली मारली. ३५ पैकी ३३ पडले, त्यात चालू पंतप्रधानही. जे दोघे तरले त्यांतला एक यादीत अगदी तळाशी होता. फुलीचं टोक तिथवर पोचलं नाही, असं म्हणतात. तर मतदाराच्या हाती खोडायला पेन्सिल देऊ नका. शिक्का द्या. आणि बिनविरोध उभं राहायची हौस असेलच, तर निम्म्या मतांची अट घालू नका.

पोरं फार असली म्हणून धास्ती घेऊ नका, ती आपसात भांडतील एवढी सोय करा. दक्षिण कोरियात १९८७ मध्ये रस्त्यावरच्या लोकांनी थेट निवडणूक मिळवली. मग विरोधातले दोन किम दोघेही उभे राहिले. एकाला २८ टक्के, दुसऱ्याला २७. लष्कराच्या पसंतीचे माजी जनरल रो ते-वू ३६.६ टक्क्यांत अध्यक्ष झाले. दुसरी फेरी नियमात नव्हती म्हणून हे जमलं. तुम्हीही दुसरी फेरी ठेवू नका. आणि पोरांच्या दोन म्होरक्यांना वेगवेगळं बोलावून, 'तुमच्यात नेतृत्व दिसतं हो' एवढंच म्हणा.

आता पैसा. इथे आपल्याच गावचा धडा आहे. होळकरांचं संस्थान १९४८ मध्ये मध्य भारतात विलीन झालं, महाराज उपराजप्रमुख झाले, तनखा ठरला. सरकारवर विसंबून ठरवलेली रक्कम सरकार बंद करू शकतं, आणि १९७१ च्या सव्विसाव्या घटनादुरुस्तीने देशभरातले सगळे तनखे बंद झालेच. म्हणून रक्कम मागू नये, टक्का मागावा, तोही कुणाचं लक्ष नसेल अशा जागी. चिलीत सरकारी तांबे कंपनीच्या निर्यातीतले १० टक्के थेट लष्कराच्या शस्त्रखरेदीला जायचे. संसदेत दरवर्षी हात पसरण्याचं कामच नाही. लोकशाही येऊन एकोणतीस वर्षं झाल्यावर, २०१९ मध्ये तो कायदा रद्द झाला. मंडळाकडे तांब्याची खाण नाही, पण सभागृह आहे. लग्न-मुंजीच्या भाड्यातले दहा टक्के 'वास्तू देखभाल समिती'कडे वळवा. समितीत तुम्ही, तुमचे साडू आणि एक वकील. भांडारातली पितळी पातेली, झारे आणि मोठी परातसुद्धा याच समितीच्या ताब्यात असू द्या. किल्ली ज्याच्याकडे, त्याला विचारल्याशिवाय कोजागिरीचं दूध आटत नाही.

जुने हिशेब उकरायचे नाहीत असा ठराव सत्तांतराआधी करा, नंतर नाही. चिलीत हे १९७८ मध्येच उरकलं होतं: पिनोशेंच्या सप्टेंबर १९७३ च्या लष्करी बंडापासूनच्या साडेचार वर्षांतल्या गुन्ह्यांना माफी. तिथे माणसं नाहीशी झाली होती. आपल्याकडे पावत्या.

जमीन कशी द्यावी म्हणजे जात नाही, हे फिलिपिन्समध्ये शिकावं. १९८८ चा जमीनसुधारणा कायदा मार्कोसनंतरच्या लोकशाहीचा. त्यात एक पळवाट अशी की मालक कंपनीने कुळांना जमिनीऐवजी कंपनीचे शेअर दिले तरी चालेल. अध्यक्षा कोराझोन आकिनो यांच्या माहेरच्या घराण्याच्या हासिएन्दा लुईसिता या उसाच्या मळ्यावर तसंच झालं. शेतमजूर कागदावर भागीदार झाले, ऊस घराण्याचाच. सर्वोच्च न्यायालयाने जमीन वाटा म्हणून शेवटचं सांगितलं ते २०१२ मध्ये. तर सभागृहाची जागा वर्गणीदारांच्या नावावर करा अशी मागणी आली की सर्वांना सुबक छापलेलं 'सहभाग प्रमाणपत्र' द्या. लॅमिनेट करून द्या, लोक भिंतीवर लावतात. दक्षिण आफ्रिकेतली वाट त्याहून सोपी. पाच वर्षांत ३० टक्के शेतजमीन कृष्णवर्णीयांकडे फिरवायची असं १९९४ मध्ये ठरलं, आणि खरेदी मात्र विकणारा राजी असेल तरच. २०१७ च्या सरकारी मोजणीत व्यक्तींच्या नावावरच्या शेतजमिनीपैकी ७२ टक्के गोऱ्यांकडेच होती. राजी नसणं हा कुठे गुन्हा आहे?

घराणेशाहीचा आरोप होणार. त्यावर बंदी तुम्हीच घाला, तीही ठळक अक्षरांत. फिलिपिन्सच्या १९८७ च्या घटनेत राजकीय घराणेशाहीला बंदी आहे, 'कायद्याने केलेल्या व्याख्येप्रमाणे'. व्याख्या करणारा कायदा संसदेने करायचा, संसदेत घराणी बसलेली, तो अजून झालेला नाही. २०२२ मध्ये मार्कोस यांचे चिरंजीव अध्यक्ष झाले. तुमच्या सूनबाई सांस्कृतिक विभाग छान सांभाळतात, त्यांना काही अडचण यायची नाही.

राहिला प्रतिनिधित्वाचा प्रश्न. मांडव घालणारे, भांडी घासणाऱ्या मावशी, गणपतीत रात्रभर जागणारी पोरं यांची एक जागा ठेवा, म्हणजे उद्या कुणी बोलायला नको. बैठक मात्र मंगळवारी सकाळी अकराला ठेवा. त्या वेळी मावशी तिसऱ्या घरी असतात. अनुपस्थिती इतिवृत्तात नोंदवत चला. तीन वर्षांनी 'यांनाच रस नाही' हे कागदावर दाखवता येतं.

एक धोका राहतो आणि तो नियमावलीत सापडत नाही. २०१९ च्या ऑक्टोबरात सान्तियागोच्या मेट्रोचं तिकीट ३० पेसोंनी वाढलं. शाळकरी पोरं फाटकावरून उड्या मारून आत शिरली, आणि थोड्याच दिवसांत शहर रस्त्यावर. घोषणा होती, ३० पेसो नाही, ३० वर्षं. तेव्हा कोजागिरीच्या कुपनाची किंमत वाढवू नका. दुधात पाणी चालेल, बदाम कमी चालतील, कुपन तेवढंच.

आणि वाढवलीच, पोरं उसळलीच, तर नवी नियमावली लिहायला त्यांनाच बसवा. चिलीत बसवलं होतं. पहिला मसुदा ३८८ कलमांचा झाला, २०२२ मध्ये ६२ टक्के लोकांनी तो फेटाळला. दुसरा उजव्यांनी लिहिला, तोही २०२३ मध्ये पडला. घटना अजून १९८० चीच आहे, फक्त डागडुजी केलेली. मसुदा समितीच्या बैठकींना चहा मंडळाकडून द्या, कप मोजून परत घ्या, आणि भांडाराची किल्ली तेवढी खिशात असू द्या.